राइडमधले बंद इफेक्ट, गाडीची देखभाल आणि प्रवाशांच्या सवयी

प्रश्न दोन भागांचा आहे. देखाव्यांनी सजवलेल्या एका अंधाऱ्या रोलर कोस्टरवर प्रश्नकर्त्याला सलग दोन हंगाम धुके बंद, ज्वाला बंद आणि मुख्य राक्षस निश्चल उभा दिसला. ज्यांना एक पुतळा हलता ठेवता येत नाही, त्यांच्या चाकांवर आणि ब्रेकवर विश्वास का ठेवावा, असा त्यांचा पहिला सवाल आहे. दुसरा सवाल सोबतच्या मंडळींविषयी आहे. ही मंडळी शेवटच्या रांगेचा हट्ट धरतात, मांडीवरचा दांडा मुद्दाम सैल ठेवतात आणि फोन हातात घेऊन चित्रीकरण करतात. यातले निरुपद्रवी काय आणि धोक्याचे काय? राइडच्या देखभालीत मी बरीच वर्षे देखाव्यांच्या बाजूनेही काम केले आहे आणि गाडीच्या बाजूनेही, म्हणून दोन्हींचे उत्तर एकत्रच देतो.

पहिल्या शंकेचे थोडक्यात उत्तर असे, की इफेक्ट बंद असल्यावरून गाडीच्या सुरक्षिततेविषयी बहुतेक वेळा काहीच सिद्ध होत नाही. राइडमध्ये दोन स्वतंत्र नियंत्रण यंत्रणा असतात. एक गाडी चालवते: ती कुठे आहे, पुढचा टप्पा मोकळा आहे का, दांडे बंद आहेत का, ब्रेक उघडायचा की नाही, हे ती ठरवते. दुसरी देखावे चालवते: गाडी अमुक जागी आली की आवाज, प्रकाश, धुके आणि पुतळ्याची हालचाल सुरू करते. गाडीच्या यंत्रणेकडून देखाव्याच्या यंत्रणेला गाडीच्या स्थानाची खबर मिळते, पण उलट दिशेने हुकूम जात नाही. म्हणूनच राक्षसाचा हात मोडला तरी राइड सुरू राहते, आणि एका सेन्सरने संशयास्पद संकेत दिला तर राक्षस उत्तम हलत असूनही राइड थांबते. प्रवाशाला यातला पहिला प्रकार निष्काळजीपणा वाटतो आणि दुसरा बिघाड वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही वेळा यंत्रणा तिच्या आखणीप्रमाणेच वागत असते.

मग इफेक्ट इतके दिवस बंद का राहतात, हा खरा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्लोरिडातील डिस्नेच्या ॲनिमल किंगडममधल्या एक्स्पिडिशन एव्हरेस्टचे आहे. ही राइड २००६ मध्ये सुरू झाली. तिच्या शेवटच्या टप्प्यात सुमारे साडेसात मीटर उंचीचा यती गाडीवर झेपावत असे. त्याची ही पूर्ण हालचाल उद्घाटनानंतर फार काळ टिकली नाही, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तो जागच्या जागी उभा आहे. तो हलतोय असा भास व्हावा म्हणून त्याच्यावर लखलखता प्रकाश सोडला जातो, आणि म्हणून चाहत्यांनी त्याचे नाव ‘डिस्को यती’ ठेवले आहे. मुख्य इफेक्ट बंद पडल्यावर कमी हालचालीचा असा पर्यायी देखावा दाखवण्याला या क्षेत्रात ‘बी मोड’ म्हणतात, आणि मोठ्या इफेक्टसाठी तो बहुतेक वेळा आधीच आखून ठेवलेला असतो. या राइडमध्ये डोंगराचा सांगाडा, कोस्टरचे रूळ आणि यतीचा आधार अशा तीन रचना एकमेकींपासून स्वतंत्र उभ्या केलेल्या आहेत. यती थिजला तरी गाडी धावत राहिली, याचा उलगडा त्या मांडणीतून होतो. मात्र इतका मोठा पुतळा दुरुस्त करायचा तर त्याच्यापर्यंत अवजड यंत्रसामग्री पोहोचवावी लागते आणि त्यासाठी राइड दीर्घकाळ बंद ठेवावी लागते. लोकप्रिय राइड बंद ठेवण्याचा निर्णय तंत्रज्ञ घेत नाहीत.

लहान पुतळ्यांचीही परीक्षा काही सोपी नसते. दर २० सेकंदांनी एक आवर्तन करणारा पुतळा १२ तासांच्या दिवसात २,१६० वेळा हलतो, आणि उद्यान वर्षभर उघडे असेल तर हा आकडा पावणेआठ लाखांच्या पुढे जातो. एवढ्या वापरात मनगटातले आणि मानेतले बुश (सांध्यात बसवलेल्या कड्या) झिजतात, वायर त्याच त्या जागी वाकून आतून तुटते, आणि सिलिकॉनची कातडी कोपर, मान व ओठांच्या कोपऱ्यांत फाटते. जुने मोठे पुतळे हायड्रॉलिक दाबावर चालतात. त्यांचे सील गळू लागले की तेल कपड्यांत आणि कातडीत मुरते, आणि मग एका सीलसाठी सगळा पोशाख उतरवावा लागतो. नव्या पुतळ्यांत विजेच्या मोटरी असतात. त्या गळत नाहीत, पण त्यांचे नियंत्रक खास बनवून घेतलेले असतात आणि दहा-पंधरा वर्षांत त्यांचे उत्पादन थांबते. मग सुटे भाग शोधण्यातच काही महिने जातात.

धुक्याबाबत प्रेक्षकांचा समज असा असतो, की एक यंत्र आहे आणि कोणी तरी ते सुरू करायला विसरले आहे. ग्लायकॉलवर चालणाऱ्या धूरयंत्रात द्रव तापवून त्याची वाफ बाहेर फेकली जाते. तापकाच्या नळीत साका बसला की यंत्र गुदमरते. शिवाय ही वाफ जिथे थंड होते तिथे चिकट पातळ थर सोडते. तो थर फरशीवर बसला तर माणूस घसरतो, प्रोजेक्टरच्या भिंगावर बसला तर चित्र धूसर होते आणि प्रकाशकिरणावर चालणाऱ्या सेन्सरवर बसला तर राइड थांबते. पाण्यापासून तुषार बनवणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रांना हा त्रास नसतो, पण जड पाण्यातले क्षार त्यांच्या चकत्यांवर जमतात, आणि कोमट साचलेल्या पाण्यात फुप्फुसांना घातक असा लेजिओनेला जिवाणू वाढू शकतो. त्या तुषारांतच प्रवासी श्वास घेणार असल्यामुळे टाकीचे निर्जंतुकीकरण चुकले असेल तर तो इफेक्ट बंद ठेवणेच योग्य. जमिनीलगत पसरणारे जड धुके द्रव नायट्रोजनने किंवा कार्बन डायऑक्साइडने तयार केलेले असेल, तर बंदिस्त खोलीत हवेतल्या प्राणवायूचे प्रमाण मोजणारी यंत्रणा चालू असणे बंधनकारकच मानावे. ते मोजमाप होत नसेल तर धुके सोडायचे नाही, असाच नियम मी नेहमी पाळला आहे, मग वरून कितीही विचारणा होवो.

याउलट काही इफेक्ट जवळजवळ अमर असतात, आणि त्यामागची युक्ती जुनी असते. काचेवरच्या प्रतिबिंबातून भूत दाखवण्याची कल्पना हेन्री डर्क्सची होती आणि ती १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर गाजवली. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शन या भुताच्या वाड्यात १९६९ पासून नाचगाण्याच्या दालनात तीच युक्ती वापरली जाते. तिथे देखभाल म्हणजे काच स्वच्छ ठेवणे, दिव्यांची तीव्रता जुळवणे आणि दृश्याआडचे पुतळे फिरते ठेवणे. पंखा, रेशमी कापडाच्या पट्ट्या आणि खालून सोडलेला नारिंगी प्रकाश यांनी केलेली खोटी आगही अशीच टिकाऊ असते. पंख्याचे बेअरिंग बदलले आणि कापडावरची धूळ झटकली की काम झाले. नव्या राइडची आखणी चालू असताना मला विचारले, तर अशा युक्त्या जास्त ठेवा आणि महाकाय पुतळा एकच ठेवा, असे मी सांगतो. हे मत आराखडा करणाऱ्यांना सहसा पटत नाही.

काही इफेक्ट हळूहळू मरतात आणि ते रोज तिथे काम करणाऱ्यालाही कळत नाही. अतिनील दिव्यांखाली चमकणारे रंग हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. दिव्याची नळी पेटलेली दिसते, पण तिच्यातून निघणारे अतिनील किरण महिन्यागणिक कमी होत जातात, आणि त्याच प्रकाशाने रंगही विटत जातो. म्हणून नळ्या जळून जाईपर्यंत थांबायचे नसते. मोजमाप करून किंवा ठरलेल्या तासांनंतर त्या बदलायच्या असतात. प्रोजेक्टरही रोज केसभर सरकतो, आणि वर्षभराने भिंतीवरचा चेहरा पुतळ्याच्या नाकाऐवजी गालावर पडू लागतो.

हे सगळे काम करायला वेळ रात्रीचाच असतो, आणि खरी अडचण तिथे आहे. उद्यान बंद झाल्यावर आधी साफसफाई होते, आणि सकाळच्या चाचण्या सुरू होण्यापूर्वी रूळमार्ग रिकामा हवा असतो. रुळांच्या पट्ट्यात माणूस उतरणार असेल, तर राइडचा वीजपुरवठा तोडून प्रत्येक माणसाने त्यावर आपापले कुलूप लावायचे असते आणि ते ज्याचे त्यानेच काढायचे असते. गाडीवर काम करणाऱ्यांना मात्र त्याच रात्री गाडी हलवून पाहायची असते. दोन्ही तुकड्या एकाच वेळी काम करू शकत नाहीत, आणि त्या ओढाताणीत गाडीची तुकडी नेहमी जिंकते, तिने जिंकलेच पाहिजे. तुम्हाला दोन हंगाम दिसलेला निश्चल राक्षस बहुधा या रांगेत मागे राहिलेला असावा.

इथे एक अपवाद ठळकपणे सांगितला पाहिजे. काही इफेक्ट थेट सुरक्षिततेच्या कक्षेत येतात आणि त्यांना वरचा निकष लागू होत नाही. गाडीसमोर उघडणारा दरवाजा, दिशा बदलणारा रुळाचा तुकडा किंवा गाडीजवळ झुकणारा पुतळा योग्य जागी असल्याची खात्री झाल्याशिवाय गाडीला पुढे जाऊ देता येत नाही, त्यामुळे त्यांचे सेन्सर गाडीच्या यंत्रणेतच जोडलेले असतात. खऱ्या ज्वालांचेही तसेच आहे. २२ एप्रिल २०२३ रोजी डिस्नेलँडमधील फँटॅस्मिक या रात्रीच्या कार्यक्रमात आग ओकणाऱ्या ड्रॅगनच्या पुतळ्यानेच पेट घेतला, आणि त्यानंतर डिस्नेने आपल्या इतर उद्यानांतलेही तत्सम ज्वालांचे इफेक्ट काही काळ थांबवले. त्या दिवसांत इतरत्र ज्वाला बंद दिसल्या असतील, तर त्यामागे सावधगिरी होती. देखाव्याचा एखादा तुकडा गाडीच्या बाजूला लोंबताना किंवा फाटलेले कापड रुळांवर आलेले दिसले, तर मात्र तो ‘फक्त देखावा’ समजू नका आणि उतरताच सांगा.

आता गाडीविषयी. कोस्टरच्या प्रत्येक चाकसंचात तीन प्रकारची चाके असतात: वजन पेलणारी वरची, वळणावर आधार देणारी बाजूची आणि गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळाखाली असणारी. खालच्या चाकांची कल्पना जॉन मिलर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पेटंट केली, आणि आज आपण ज्या उंच टेकड्यांवर आसनावरून उचलले जातो त्या तिच्यामुळेच शक्य झाल्या. चाकांवर सहसा पॉलियुरेथेन या टिकाऊ प्लास्टिकचे आवरण असते. ३० सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे १,७७० फेरे घेते. त्या उष्णतेने आवरण आतल्या धातूपासून सुटू लागते, आणि गाडी एका जागी फार काळ उभी राहिली तर चाकाला चपटा भाग पडतो. सकाळी तंत्रज्ञ चाक हाताने फिरवतो, बेअरिंगचा आवाज ऐकतो, आवरणावर बोट फिरवतो आणि बोल्टवर मारलेली रंगाची खूण सरळ रेषेत आहे का ते पाहतो. लाकडी कोस्टरवर रोज कोणी तरी रुळांवरून चालत जाऊन सैल झालेले बोल्ट आणि वर आलेले खिळे शोधतो. हंगाम संपला की गाड्या पूर्ण सुट्या केल्या जातात, आणि आस व जोड यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा शोधण्यासाठी चुंबकीय कणांची, डाय पेनेट्रंटची (भेगेत मुरणाऱ्या रंगाची) किंवा अल्ट्रासोनिक चाचणी होते.

मार्ग टप्प्यांमध्ये विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एकाच वेळी एकच गाडी असू शकते. म्हणूनच तीन गाड्या चालवायच्या तर किमान चार टप्पे लागतात. पुढचा टप्पा मोकळा झाला नाही तर मागची गाडी ब्रेकवर थांबते. हे ब्रेक जिथे हवेच्या दाबाचे असतात तिथे ते स्प्रिंगने बंद होतात आणि दाबाने उघडतात, म्हणजे दाब गेला तर ते आपोआप आवळले जातात. चुंबकीय ब्रेकना तर विजेचीही गरज नसते: धातूची पट्टी कायम चुंबकांमधून वेगाने गेली की तिच्यात भोवरी प्रवाह, म्हणजे धातूतच फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण होतात आणि तेच गतीला विरोध करतात. फक्त एक मर्यादा आहे. वेग कमी होत जाईल तसा हा विरोधही कमी होतो, त्यामुळे गाडी एका जागी पूर्ण धरून ठेवायला घर्षणाचा ब्रेक लागतोच. चढावर जाताना येणारा ‘खट खट’ आवाज साखळीचा नसून गाडी मागे घसरू न देणाऱ्या खटक्याचा असतो. काही नव्या राइडवर तो मुद्दाम शांत केलेला असतो.

मग अपघात कुठून होतात? गाजलेली दोन उदाहरणे पाहिली तर दोन्हींत माणसांची कार्यपद्धती समोर येते. सप्टेंबर २००३ मध्ये डिस्नेलँडच्या बिग थंडर माउंटन या कोस्टरवर एका प्रवाशाचा मृत्यू झाला. चाकसंचाचे बोल्ट ठरल्याप्रमाणे बसवले गेले नव्हते आणि त्या गाडीचा विचित्र आवाज कर्मचाऱ्यांच्या कानावर आला होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्सच्या द स्मायलर या राइडवर चाचणीची रिकामी गाडी मार्गात अडकली होती. टप्प्यांच्या यंत्रणेने मागची गाडी बरोबर थांबवली होती, पण संकेत खोटा आहे असे समजून तो डावलला गेला आणि प्रवाशांची गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. चालक कंपनीला २०१६ मध्ये ५० लाख पौंडांचा दंड झाला. म्हणून एखादे उद्यान पारखायचे असेल, तर पुतळे हलतात का यापेक्षा थांबलेल्या राइडबाबत तिथले लोक कसे वागतात हे मी पाहीन. प्रवासी ओरडत असतानाही जो चालक घाई करत नाही, त्याच्या राइडवर मी निर्धास्त बसतो.

आता सवयींकडे वळू, आणि सुरुवात फोनपासून करू, कारण प्रश्नातली सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. ४० मीटरवरून सुटलेली वस्तू हवेचा विरोध सोडल्यास जमिनीपाशी ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने येते. आणि ती समोरून येणाऱ्या गाडीतल्या माणसाला लागली तर दोन्ही वेगांची बेरीज होते. युनिव्हर्सल ऑर्लँडोमध्ये ड्रॅगन चॅलेंज या जोडकोस्टरवर दोन गाड्या मुद्दाम एकमेकींच्या अगदी जवळून सोडल्या जात. सुट्या वस्तू लागून प्रवासी जखमी झाल्यानंतर २०११ मध्ये तो मुख्य थरारच बंद करण्यात आला आणि २०१७ मध्ये राइडही गेली. याच उद्यानात आता काही मोठ्या कोस्टरच्या रांगेत धातुशोधक यंत्रातून जावे लागते. २०१९ मध्ये स्पेनमधल्या पोर्टअव्हेंचुराच्या शांभला कोस्टरवर एका प्रवाशाने पुढच्या कोणाचा तरी निसटलेला फोन हवेत झेलला आणि ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्याचे कौतुक झाले, पण माझ्या मते लोकांनी त्यातून नेमका उलटा बोध घेतला. तो फोन झेलला गेला नसता तर कोणाच्या तरी तोंडावर बसू शकला असता. फोन, टोपी, चष्मा आणि किल्ल्या लॉकरमध्ये किंवा चेन असलेल्या खिशात ठेवा. पँटचा साधा खिसा उलट्या फेऱ्यात रिकामा होतो.

सुट्या वस्तूंचा देखभालीशी असलेला संबंध प्रवाशांच्या लक्षात येत नाही. नाणे किंवा केसांची क्लिप रुळावर पडली की चाकाच्या आवरणाला खाच पडते आणि त्या खाचेतून फाट सुरू होते. सांडलेले गोड पेय दांड्याच्या कुलपात गेले की ते चिकटते, आणि कुलूप बंद झाल्याची खात्री न पटल्याने यंत्रणा गाडी सोडत नाही. उडालेली टोपी सेन्सरसमोर अडकली की राइड थांबते, मग वीज तोडणे, कुलपे लावणे, टोपी काढणे आणि रिकामी गाडी सोडून पाहणे हा सगळा क्रम येतो. रांगेतल्या लोकांना वाटते राइड जुनी झाली. त्यांतल्या कितीतरी खोळंब्यांचे कारण त्यांच्या पुढच्याच गाडीत बसलेले असते.

दांडा सैल ठेवण्याची सवय चाहत्यांमध्ये फार पसरली आहे. मांडी आणि दांडा यांच्यात जागा असली की टेकडीवर शरीर अधिक उचलले जाते, हे खरे आहे. पण उचललेले शरीर त्याच दांड्यावर आदळते, आणि खाली येताना आसनावर आपटते. शिवाय दाते असलेला दांडा अशा धक्क्याने प्रवासात आणखी एखाद-दोन दाते खाली सरकतो आणि मग शेवटपर्यंत पोट दाबले जाते. पोट आत ओढून, पाय उचलून किंवा मांडीखाली पिशवी ठेवून दांडा फसवणे तर मूर्खपणाचेच आहे. पाठ आसनाला टेकवा, पावले सपाट ठेवा, दांडा अंगाला लागेपर्यंत स्वतः खाली ओढा आणि कर्मचारी तपासायला आला की हात बाजूला घ्या. उंची किंवा शरीराच्या आकारामुळे कर्मचाऱ्याने बसू दिले नाही तर हुज्जत घालू नका. ती मर्यादा दांड्याच्या रचनेवरून आलेली असते आणि ती सैल करण्याचा अधिकार त्याला नसतो.

हात वर करण्याविषयी मात्र मी सौम्य आहे. मार्गाभोवतीची मोकळी जागा उंच माणसाच्या पसरलेल्या हातांचा विचार करून ठरवलेली असते, आणि ती तपासण्यासाठी गाडीवर त्या मापाची चौकट बसवून गाडी सावकाश पूर्ण मार्गावर फिरवली जाते. म्हणजे फक्त हात वर केले तर खांब ‘अगदी जवळून’ गेल्याचा तो केवळ भास असतो. पण हातात सेल्फीची काठी आली की ते माप संपले. जिथे हात आत ठेवण्याची सूचना आहे, तिथे ती पाळायचीच, कारण त्या राइडचे माप वेगळे असू शकते.

शेवटच्या रांगेचा हट्ट मला समजतो, कारण त्यामागे खरे भौतिकशास्त्र आहे. पहिल्या चढावर पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा साखळीने मागे धरलेला असतो, म्हणून तो उतारावर क्षणभर लोंबतो. शेवटचा डबा माथ्यावर पोहोचेपर्यंत पुढची सगळी गाडी खाली धावू लागलेली असते, म्हणून तो माथ्यावरून अक्षरशः ओढून नेला जातो. पुढच्या टेकड्यांवर गंमत वेगळी आहे. गाडीचा मध्य माथ्यावर असतो तेव्हा गाडी सर्वांत मंद असते, त्यामुळे मधल्या रांगांना माथा सर्वांत हळू अनुभवायला मिळतो, आणि पहिली व शेवटची दोन्ही टोके तो अधिक वेगाने ओलांडतात. पहिल्यांदाच बसणाऱ्याने मध्ये बसावे, असे म्हणतात त्याला हा आधार आहे. पुढची आणि मागची आसने किती वेगळी हलतात याचे एक अजब प्रमाणही उपलब्ध आहे. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या उद्यानात असलेल्या त्याच नावाच्या बिग थंडर माउंटनवर मूत्रपिंडाची प्रतिकृती आणि खरे मूतखडे घेऊन केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मागच्या आसनांवर सुमारे ६४ टक्के खेपांत खडा पुढे सरकला आणि पुढच्या आसनांवर सुमारे १७ टक्के खेपांत. या कामाला २०१८ चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. याला उपचार समजून कोणी रांगेत उभे राहू नये, पण रांगेनुसार फरक पडतो हे त्यातून दिसतेच.

चाहते ज्याला ‘चाकावरचे आसन’ म्हणतात त्याकडेही लक्ष द्या. डब्याच्या आसाच्या थेट वर असलेल्या रांगेला रुळांचा प्रत्येक धक्का जाणवतो, तर दोन आसांच्या मधली रांग तुलनेने मऊ जाते. जुन्या लाकडी कोस्टरवर हा फरक पाठीला स्पष्ट कळतो. ज्याला मान किंवा कंबर जपायची आहे त्याने फलाटावर उभे असतानाच चाके कुठे आहेत हे पाहून रांग निवडावी. खांद्यावर चौकट येणाऱ्या कोस्टरवर डोके मागे टेकवून ठेवा आणि पुढचे वळण पाहत राहा, म्हणजे मान आधीच तयार असते. डोळे मिटल्याने मळमळ कमी होईल असे अनेकांना वाटते. डोळे उघडे ठेवून रुळांच्या दिशेने पाहिल्यास शरीराला जाणवणारी हालचाल आणि दिसणारे दृश्य जुळतात, आणि बहुतेकांना तेच मानवते. जोराच्या वळणात दृष्टी करडी होऊ लागली तर पाय आणि पोट घट्ट आवळा. व्हर्जिनियातील किंग्ज डोमिनियनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या इंटिमिडेटर ३०५ वर पहिल्याच वळणात अनेकांचा हा अनुभव होता, आणि अखेर त्या वळणाचा आकारच बदलण्यात आला.

वेळेचाही परिणाम होतो. सकाळी ग्रीस आणि चाके थंड असतात, गाडी मंद धावते; दुपारनंतर सगळे तापले की तीच गाडी वेगवान होते. भरलेली गाडी रिकामीपेक्षा वेग जास्त टिकवते, आणि म्हणूनच काही चाचण्यांत पाण्याने भरलेले पुतळे आसनांवर बसवलेले दिसतात. थरार हवा असेल तर संध्याकाळ निवडा, आणि आधीच भीती वाटत असेल तर उद्यान उघडताच बसा. गर्भवती, हृदयविकार असलेले आणि पाठ-मानेची तक्रार असलेले यांच्यासाठी फलकावर लिहिलेल्या सूचनेत माझ्याकडून भर घालण्यासारखे काही नाही.

गाडी मधेच थांबली तर जागेवर बसून राहा आणि दांड्याशी खेळू नका. चढावर थांबलेली गाडी खटक्यांवर टेकलेली असते, ब्रेकवर थांबलेली ब्रेकमध्ये असते; दोन्ही ठिकाणी ती सुरक्षित आहे. कर्मचारी येऊन एकेक दांडा हाताने उघडतील आणि जिन्याने खाली नेतील. याला वेळ लागतो, कारण त्याआधी तंत्रज्ञांनी गाडी हलणार नाही याची खात्री करून घेतलेली असते.

आणि तक्रार करायची असेल तर ती अशी करा, की तिचा उपयोग होईल. ‘राइड फार हादरली’ या वाक्यावर तंत्रज्ञ काहीच करू शकत नाही. गाडीचा रंग किंवा क्रमांक, रांग कितवी, डावी बाजू की उजवी, मार्गावर कुठे, आणि आवाज होता तर तो एकदाच आला की चाकाच्या फेऱ्याबरोबर पुन्हा पुन्हा येत होता, एवढे सांगितले तर त्याच रात्री नेमके चाक सापडते. हे उतरताच फलाटावरच्या कर्मचाऱ्याला सांगा, घरी जाऊन लिहू नका, कारण तोवर ती गाडी आणखी कित्येक फेऱ्या मारून आलेली असते. राक्षस हलत नसल्याची तक्रार मात्र लेखीच पाठवा आणि व्यवस्थापनाच्या नावाने पाठवा. तंत्रज्ञांना ती गोष्ट आधीच ठाऊक असते. पुढच्या मोठ्या दुरुस्तीत त्या राक्षसासाठी रात्री आणि पैसे मागायला त्यांना तुमची पत्रेच उपयोगी पडतात.